शाळेकडे सवलतही मागा आणि शिकवणेही मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका आईचा दहा वर्षांचा मुलगा खासगी अनुदानित शाळेत, सेमी इंग्रजी वर्गात, पाचवीत शिकतो. इतिहासाचा धडा तो घरी तोंडी उत्तम सांगतो, पण उत्तरपत्रिका निम्मी कोरी ठेवून येतो. वाचताना शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून पुढचा शब्द अंदाजाने म्हणतो. वर्गशिक्षिकेने रोजनिशीत ‘घरी अभ्यास घ्यावा’ असा शेरा तीनदा लिहिला आहे. मुख्याध्यापकांनी ‘दुसरी एखादी शाळा बघा’ असे सुचवले आहे. ‘मुलावर दिव्यांग असा शिक्का बसेल’ म्हणून वडील तपासणीला तयार नाहीत. आईचा प्रश्न असा, की सुरुवात कुठून करावी आणि शाळेकडे नेमके काय मागावे.

ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या मागण्या एकत्र आल्या आहेत आणि त्या आधीच वेगळ्या केल्या तर पुढचे बोलणे सोपे जाईल. जादा वेळ, लेखनिक (म्हणजे मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणारा), शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष या सवलती झाल्या. मुलाला त्याच्या अडचणीला धरून वाचायला आणि लिहायला शिकवणे हे अध्यापन झाले. पालकांची बहुतेक धावपळ पहिल्या गोष्टीसाठी होते, शाळाही तेवढे देऊन मोकळी होते, आणि मग असा मुलगा लेखनिकाच्या मदतीने दहावी उत्तीर्ण होतो, पण एसटीवरची पाटी वाचताना अडखळतो. कायद्याने दोन्ही गोष्टी तुमच्या मुलाच्या हक्काच्या आहेत. दोन्ही मागा, आणि दोन्ही लेखी मागा.

तुम्ही पाठवलेली श्रुतलेखनाची दोन पाने मी बारकाईने पाहिली. ‘शुक्रवार’ हा शब्द त्याने ‘शुकवार’ लिहिला आहे, ‘प्रार्थना’चे ‘पाथना’ झाले आहे, ‘चंद्र’ एकदा ‘चद’, तर चार ओळींनंतर ‘चंदर’ असा आहे. ‘सूर्य’ या शब्दावरचा रफार ‘सू’वर जाऊन बसला आहे. शिक्षिकेने लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनाही तेवढ्याच ठळक खुणा केल्या आहेत. माझ्या मते त्या खुणांना इथे फारसे महत्त्व देऊ नये. पहिली-दुसरी वेलांटी चांगली शिकलेली माणसेही चुकवतात, कारण आपल्या रोजच्या बोलण्यात तो फरक अनेकदा कानाला जाणवतही नाही. पाहायचे ते हे, की जोडाक्षरातला एक ध्वनी नेमाने गळतो आहे का, मात्रा किंवा अनुस्वार सुटतो आहे का, आणि एकच शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहिला जातो आहे का. आळशी मुलाच्या चुका इतक्या नियमबद्ध नसतात. तुमच्या मुलाच्या चुकांना नियम आहे. ध्वनी ऐकणे, सुटा करणे आणि त्याला चिन्ह देणे या साखळीत जोडाक्षरापाशी तो अडतो.

देवनागरीविषयी आपण ‘जसे बोलतो तसे लिहितो’ असे अभिमानाने म्हणतो आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. पण ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी येते आणि तिचा उच्चार मात्र ‘क’नंतर होतो. रफाराचे याच्या उलट आहे, कारण तो उच्चारात आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ‘र’ तर ‘क्र’, ‘र्क’, ‘ट्र’ आणि ‘ऱ्या’ अशी चार रूपे घेतो. त्यातच घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्या नजरेला जवळच्या आहेत. ज्याला अडचण नाही असे मूल पहिल्या काही इयत्तांत हे सारे नकळत आत्मसात करते. तुमच्या मुलाला ते एकेक करून, उघडपणे आणि क्रमाने शिकवावे लागेल. अख्खी बाराखडी पुन्हा दहादा लिहून घेतल्याने हे होत नाही, उलट वहीबद्दलची चीड तेवढी वाढते.

गणिताबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, की तो ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहितो. ही चूक एवढ्यावरून गणितातली अक्षमता ठरवण्याइतकी मोठी नाही. मराठीत एककाचा उच्चार आधी आणि दशकाचा नंतर होतो, तर लिहिताना क्रम उलटा असतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशा पद्धतीचे संख्यावाचन आणले तेव्हा राज्यभर त्याची खिल्ली उडवली गेली, पण अशा मुलांसोबत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यामागचे कारण लगेच पटले होते. घरी संख्या सांगताना तुम्ही ‘पन्नास आणि तीन, म्हणजे त्रेपन्न’ असे दोन्ही म्हणा. तरीही बेरजेत हातचा कुठे जातो हे त्याला कळत नसेल, तर तपासणीत गणिताचाही भाग घ्यायला सांगा.

वही पाहून निदान करता येत नाही, म्हणून तपासणीकडे येते. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. हे सांगायला साधे वाटते, पण एका कानाने कमी ऐकू येणारे मूल वर्षानुवर्षे ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याखाली बसून राहू शकते. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांची तपासणी, मानसशास्त्रज्ञांकडून बुद्ध्यांक चाचणी आणि शेवटी वाचन, लेखन व गणित यांची शैक्षणिक चाचणी असा क्रम असतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणाऱ्या अडचणीचे, प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळू शकते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी करावी लागते आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र कायमचे धरले जाते. तुमचा मुलगा दहा वर्षांचा आहे, म्हणजे थांबण्याचे कारण नाही. मुंबईत केईएम, शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांत यासाठी विभाग आहेत, पुण्यात ससून आहे. तुम्ही आधी जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा आणि तिथे पूर्ण तपासणी होत नसेल तर पुढे कुठे पाठवतात ते लेखी घ्या. खासगी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल मुलाला कसे शिकवावे हे ठरवण्यासाठी उपयोगी पडतो, पण बोर्डाच्या सवलतींसाठी सक्षम शासकीय यंत्रणेचेच प्रमाणपत्र लागते. हजारो रुपये खर्च करण्याआधी हे लक्षात असू द्या.

तपासणीच्या वेळी एक प्रश्न नक्की विचारा, की वाचनाची चाचणी कोणत्या भाषेत घेणार. मराठीतून शिकणाऱ्या मुलाला केवळ इंग्रजी शब्दांच्या यादीवर तपासले, तर जो निष्कर्ष निघतो तो त्याच्या इंग्रजीबद्दल असतो. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीत मराठीचा समावेश आहे. अहवालात कोणती चाचणी घेतली, कोणत्या भाषेत घेतली आणि मूल कोणत्या इयत्तेच्या पातळीवर वाचते, या तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. नुसते ‘एलडी (अध्ययन अक्षमता) आहे’ असे लिहिलेला कागद शिक्षकाच्या काहीच कामाचा नसतो.

तुमच्या यजमानांची भीती मी हलक्याने घेत नाही. मात्र त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, हे प्रमाणपत्र शाळेच्या दाखल्यावर छापले जात नाही, ते कुठे आणि केव्हा दाखवायचे हे तुम्ही ठरवता. दुसरी गोष्ट अशी, की शिक्का आताही बसलेलाच आहे. वर्गात त्याला ‘ढ’ म्हणतात असे तुम्हीच लिहिले आहे. तुम्ही हेही लिहिले आहे, की त्याच्या वडिलांनाही लहानपणी वाचायला उशीर झाला होता. अशी अडचण अनेकदा घराण्यात दिसते, तेव्हा हे त्यांनी तपासणीच्या वेळी डॉक्टरांना स्वतः सांगितले तर निदानाला मदतच होईल. माझा अनुभव असा, की वडील तपासणीला एकदा स्वतः आले की विरोध बराच मावळतो.

आता शाळा. इथे मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण प्रमाणपत्र येईपर्यंत काही महिने जाऊ शकतात आणि त्या काळात हात बांधून बसण्याची गरज नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्याच्या अनुसूचीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच्या कलम १६ नुसार, मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणे आणि ती दूर करण्यासाठी योग्य अध्यापनाचे उपाय करणे हे काम शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्थांकडे येते. म्हणजे ओळखण्याची जबाबदारी मुळात शाळेचीही आहे, केवळ पालकांची नाही. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. ‘दुसरी शाळा बघा’ या सल्ल्याला उत्तर शिक्षण हक्क कायद्यात आहे. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. तोंडी सुचवणे आणि लेखी काढणे यांत फरक असतो हे मुख्याध्यापकांना ठाऊक असते, म्हणूनच असा सल्ला कधी कागदावर येत नाही.

तुमचा अर्ज मात्र कागदावर यायला हवा. तो एका पानापेक्षा मोठा नको आणि त्यात तक्रारीचा सूर नको. साधारण असा मजकूर पुरेसा होईल: ‘माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता पाचवीत शिकत असून त्याला वाचन व लेखनात सातत्याने अडचण येत आहे. शासकीय रुग्णालयात त्याची तपासणी करून घेण्याची प्रक्रिया आम्ही सुरू केली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मधील तरतुदीनुसार शाळेनेही त्याची प्राथमिक चाचपणी करून गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे त्याची नोंद करावी, तसेच दरम्यानच्या काळात वर्गात पुढील तीन गोष्टी कराव्यात, ही विनंती.’ गटसाधन केंद्र म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणारे शिक्षण खात्याचे केंद्र. अर्ज दोन प्रतींत न्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. कारकून ‘साहेब आल्यावर देतो’ म्हणाले, तर साहेब येईपर्यंत बसा.

त्या तीन गोष्टी कोणत्या, हे ठरवताना हात आखडता ठेवा. साठ मुलांच्या वर्गावर उभ्या असलेल्या शिक्षिकेपुढे पंधरा मागण्यांची यादी ठेवली तर त्यातली एकही पाळली जात नाही. तुमच्या मुलासाठी मी पुढील तीन मागेन. त्याला वर्गासमोर अचानक उठवून मोठ्याने वाचायला लावू नये. वाचायला सांगायचेच असेल, तर कोणता परिच्छेद ते आदल्या दिवशी कळवावे. फळ्यावरचे सगळे उतरवून घेण्याची सक्ती करू नये, शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो तुम्हाला मिळावा. आणि घटक चाचणीत परिसर अभ्यासाची निम्मी उत्तरे तोंडी घ्यावीत. या तिन्हींना पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही आणि तिसरीमुळे शिक्षिकेला प्रथमच स्वतःच्या कानांनी कळेल, की मुलाला धडा येतो. त्या एका तोंडी चाचणीने जे होते, ते कायद्याचे कलम दाखवून होत नाही.

बाईंशी बोलताना ‘तुम्ही लक्ष देत नाही’ या वाक्याने सुरुवात केली, की त्या लगेच ‘घरी कोण अभ्यास घेते?’ असे विचारतील आणि बोलणे तिथेच संपेल. त्यापेक्षा वही समोर ठेवा. ‘बाई, हा शुक्रवार पाहा, प्रार्थना पाहा, चंद्र पाहा. प्रत्येक ठिकाणी जोडाक्षरातला र गेला आहे. तुमच्याही हे लक्षात आले असेल,’ असे म्हणा. शिक्षकाला पुरावा दिला आणि त्याच्या निरीक्षणाला मान दिला, तर तो बहुधा तुमच्या बाजूला येऊन बसतो. बहुतेक शिक्षकांना बी.एड. किंवा डी.एड.च्या काळात या विषयाची फक्त व्याख्या शिकवलेली असते, अशा मुलाला प्रत्यक्ष कसे शिकवायचे ते कोणी दाखवलेले नसते. भेट झाली, की त्याच संध्याकाळी काय ठरले ते चार ओळींत लिहून बाईंना पाठवा. संदेश व्हॉट्सॲपवर असला तरी चालेल, पण आभार मानून सुरुवात करा आणि ठरलेल्या गोष्टी तारखेसह लिहा.

वाचायला शिकवण्याचे काम प्रशिक्षित विशेष शिक्षकाने आठवड्यातून निदान तीनदा, एकेका मुलासोबत किंवा अगदी लहान गटात करायला हवे. समग्र शिक्षा अभियानातून गटसाधन केंद्रावर नेमलेल्या विशेष शिक्षकांकडे अनेक शाळा असतात आणि त्यामुळे तुमच्या मुलाच्या वाट्याला महिन्यातून एखादी भेट येईल, हे वास्तव आहे. म्हणून त्यांच्याकडून मुलाला शिकवण्यापेक्षा घरी आणि वर्गात काय करायचे याचा महिन्याचा आराखडा मागा. घरी रोज वीस मिनिटे पुरे. एका आठवड्यात एकच जोडाक्षर-कुटुंब घ्या. या आठवड्यात फक्त ‘क्र, प्र, ग्र’ घेतले, तर ‘क्रम, प्रकाश, ग्रह’ असे शब्द आधी तोंडाने तोडायचे, प्रत्येक ध्वनीला एक टिचकी, मग तेच बोटाने रव्याच्या ताटात लिहायचे आणि शेवटी वहीत. लिहिताना ध्वनी मोठ्याने म्हणायचा. पाचवीचे पाठ्यपुस्तक या वेळेत हातात घेऊ नका. ते त्याला वाचून दाखवा, पण वाचायला शिकवा ते तो आज ज्या पातळीवर आहे तिथून, मग ती दुसरीची असली तरी. ‘पाचवीतला मुलगा दुसरीचे पुस्तक घेऊन बसतो’ याची लाज घरात कोणी बोलून दाखवू नये, हे आजीलाही सांगून ठेवा.

इथे एक सावधगिरी. डोळ्यांचे व्यायाम, रंगीत चष्मे, मेंदूला चालना देणारी चूर्णे आणि ‘मिडब्रेन’ वर्ग यांच्या जाहिराती तुमच्यापर्यंत पोहोचतीलच. वाचन सुधारते ते ध्वनी आणि अक्षर यांच्या क्रमवार सरावाने, यांतल्या कशानेही नाही. ते पैसे विशेष शिक्षकाच्या शिकवणीला लावा.

प्रमाणपत्र हाती आल्यावर सवलतींचा दुसरा अर्ज द्यायचा. राज्य मंडळाच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना तासाला वीस मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, आणि या सवलती फक्त दहावी-बारावीला लागू असतात हा समज चुकीचा आहे. शाळेच्या अंतर्गत परीक्षांमध्येही त्या मागता येतात. मुख्याध्यापक ‘४० टक्के दिव्यांगत्व आहे का?’ असे विचारतील. काही लाभांना ती अट आहे हे खरे, पण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात, लेखनिकाची सोय केवळ ४० टक्क्यांच्या अटीत बसणाऱ्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असे म्हटले आहे. तुमच्यासाठी हा निकाल आत्ताच महत्त्वाचा आहे, कारण महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते, अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला पुनर्परीक्षा देता येते आणि तीतही तो अनुत्तीर्ण झाला तर त्याला त्याच वर्गात ठेवता येते. तेव्हा यंदाच्या वार्षिक परीक्षेच्या वेळापत्रकाआधी तुमचा अर्ज शाळेत पोहोचलेला असायला हवा. त्याच वर्गात पुन्हा बसवणे हा अध्ययन अक्षमतेवरचा उपाय नाही. न जमलेलीच पद्धत आणखी एक वर्ष वापरल्याने ती जमू लागत नाही.

लेखनिकाबद्दल पालकांना वाटते, की तो मिळाला म्हणजे सुटलो. प्रत्यक्षात तोंडी उत्तर सांगून लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते दहावीच्या जानेवारीत येत नाही. बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक सामान्यतः खालच्या इयत्तेतला असतो, त्याला उत्तर ठाऊक असेलच असे नाही आणि ते सुचवण्याची त्याला मुभाही नसते. मुलाने वाक्य मनात पूर्ण करून, तुकडे पाडून, विरामचिन्हांसह सांगायचे असते, आकृतीत कुठे नाव द्यायचे ते शब्दांत समजावायचे असते आणि मागे काय लिहिले ते वाचून घ्यायचे असते. याचा सराव सहावीपासून, महिन्यातून एका प्रश्नपत्रिकेवर, करा. सध्या लेखनिकाऐवजी जादा वेळ आणि तोंडी परीक्षा पुरेशी आहे असे माझे मत आहे, कारण त्याचा स्वतःचा हात आत्ताच थांबला तर पुढे तो पुन्हा चालता करणे कठीण जाते.

भाषेतून सूट घेण्याची घाई नको. सेमी इंग्रजी सोडून पूर्ण मराठीत आणावे का, असेही तुम्ही विचारले आहे. गणित आणि विज्ञान घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतून शिकणे त्याला सोपे जाईल, आणि शाळेत मराठी तुकडी असेल तर येत्या वर्षी तो बदल करावा असे मी म्हणेन. शाळा मात्र बदलू नका. नव्या शाळेत पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरुवात करावी लागते. मंडळाच्या परीक्षेत गणिताऐवजी खालच्या इयत्तेच्या अंकगणिताचा पर्याय पुढे समोर येईल. तो निवडण्याआधी विज्ञान शाखा आणि तंत्रनिकेतन यांच्या प्रवेशाचे त्या वर्षीचे नियम वाचा, कारण त्या पर्यायाने आज मिळालेला दिलासा पुढे एखादे दार बंद करू शकतो. हा निर्णय नववीच्या सुरुवातीला, मुलाला सोबत बसवून घ्यायचा आहे.

शाळेने पंधरा दिवसांत उत्तर दिले नाही, तर पहिल्या अर्जाची प्रत जोडून स्मरणपत्र द्या. त्यानंतर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी हा क्रम धरा. तिथेही दाद लागली नाही, तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. वर्गात मारहाण किंवा ‘ढ’ म्हणून सर्वांसमोर हिणवणे होत असेल, तर ती बाब वेगळ्या अर्जात लिहा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे आणि ही तक्रार शिकवण्याच्या मागणीत मिसळली की दोन्ही पातळ होतात. माझ्या पाहण्यात बहुतेक प्रकरणे स्मरणपत्रापलीकडे जात नाहीत, पण आवक क्रमांक असलेली प्रत घरी नसेल तर स्मरणपत्र कशाचे देणार?

मुलाशी बोलणे मात्र या सगळ्या कागदांच्या आधी करा. तपासणीला नेताना ‘फिरायला जाऊ’ असे सांगू नका. ‘तुला गोष्टी कळतात हे आम्हाला माहीत आहे. अक्षरे तुला त्रास का देतात ते शोधायला आपण जातोय. तिथे कोडी असतील, वाचायला देतील, इंजेक्शन नसेल,’ इतके स्पष्ट सांगा. दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या भाषेत खरे सांगितले की तो डॉक्टरांसमोर मोकळेपणाने अडखळतो, आणि चाचणीचा निष्कर्ष खरा यायला तेच लागते.